गाडीतच मिथेनॉलपासून हायड्रोजन: तेलवाल्यांनी दाबलं म्हणे!

भट्टीवाला: काल 'साधा माणूस' यांनी लिहिलं की हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांसाठी पंप नाहीत तर मिथेनॉल (एक द्रव अल्कोहोल) भरा आणि गाडीतच हायड्रोजन काढा, डेमलर कंपनीच्या नेकार ५ या प्रायोगिक गाडीने २००२ मध्ये तसंच सॅन फ्रान्सिस्को ते वॉशिंग्टन अंतर कापलं, मग तेल कंपन्यांनी ते गुंडाळलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. १४ वर्षं खत कारखान्यात शिफ्ट कन्व्हर्टरवर (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून हायड्रोजन करणाऱ्या टाकीवर) काढलीत. मिथेनॉल फोडायलाही तोच कॉपर-झिंकवाला कॅटॅलिस्ट (क्रिया घडवणाऱ्या गोळ्या) लागतो, आणि तो रिड्यूस झाला, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून कामाला तयार केला, की हवा अजिबात सहन करत नाही. एकदा वापरलेल्या गोळ्यांचा ड्रम नीट बंद केला नव्हता, तासाभरात काळ्या गोळ्या लालबुंद झाल्या, वरची ताडपत्री जळाली. आमचा प्लांट महिनोन्महिने बंद होत नाही, तुमची गाडी दिवसातून चारदा बंद होणार, दर वेळी हवा आत जायची भीती! वर निघणाऱ्या गॅसमध्ये टक्काभर कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाखांत दहा हजार भाग). हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या, ८० अंशांवर चालणाऱ्या फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम १० पीपीएमलाच मान टाकतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००४ मध्ये गाडीतल्या रिफॉर्मरचा (इंधन फोडून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीचा) पैसा थांबवला तो तांत्रिक उद्दिष्टं गाठता येत नव्हती म्हणून, कोणी दाबलं नाही.

साधा माणूस: दादा, प्लांटचा अनुभव मान्य पण गाडी म्हणजे प्लांट नव्हे. मोनॉक्साइड सोसावा म्हणून प्लॅटिनममध्ये रुथेनियम धातू घाला, गॅसमध्ये थोडी हवा सोडून उरलेला मोनॉक्साइड जाळा, हे सगळं तेव्हाही माहीत होतं.

भट्टीवाला: माहीत होतं, चालतही होतं. सकाळी थंड गाडी चालू करून लगेच निघायचंय, तेव्हा २५० अंशांची भट्टी कधी तापणार ते सांगा.

चाकणची पाळी: प्लॅटिनमचं नावच काढू नका! माझ्या भावाच्या व्हॅनचा सायलेन्सर रात्रीत कापून नेला, आतल्या 'माती'साठी, म्हणजे धूर साफ करणाऱ्या प्लॅटिनमसारख्या महाग धातूंच्या भुकटीसाठी. शाळेची मुलं ने-आण करतो तो, आठ दिवस धंदा बंद. चौकीत म्हणाले सायलेन्सरच ना, नवा बसवा.

सावली: आमच्या सोसायटीतून दोन गेले!! कॅमेऱ्यात दिसतंय, जॅक लावून पाच मिनिटांत काम.

चाकणची पाळी: ती माती विकत घेणारा कोण, त्याला का धरत नाहीत? चोर सुटतो, पुन्हा येतो.

भट्टीवाला: अहो धागा कशाचा आहे?

चाकणची पाळी: प्लॅटिनमचाच. ज्याची गाडी उभी राहते त्याला विचारा. फ्युएल सेलमध्ये तर अजून जास्त प्लॅटिनम, तिला कोण राखणार?

साधा माणूस: मूळ मुद्द्यावर येतो. फॉस्फरिक अॅसिडवाले सेल १६० अंशांवर चालतात, टक्काभर मोनॉक्साइड पचवतात. त्यात मिथेनॉल चालतं की नाही, हो किंवा नाही सांगा.

भट्टीवाला: चालतं. बरं, एवढं मान्य. पण मग तो ८० अंशांचा सेल राहिला नाही, आणि त्यालाही आधी तापवावंच लागतं. म्हणूनच टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन गाडीत रिफॉर्मर नाही, ७०० बार दाबाची हायड्रोजनची टाकी आहे.

साधा माणूस: 'दाबलं' हा शब्द मागे घेतो. 'घाईने सोडलं' यावर मी ठाम आहे.

सावली: सायलेन्सरला जाळी बसवून मिळते का कुठे? भावाने काय केलं शेवटी?