मदत हवी आहे: दोन कार्बन-१४ तारखांची तुलना करताना झेड स्कोअरसाठी कशाने भागायचं?

मंडळी, पुरातत्त्व शिकतोय. संख्याशास्त्राशी जुनं वैर. सरावाच्या गणितात एकाच थरातले कोळशाचे दोन नमुने दिलेत: २४६० ± ३० बीपी आणि २५५० ± ४० बीपी (बीपी म्हणजे १९५० च्या आधीची वर्षं). दोन्ही एका काळातले म्हणता येतील का?

फरक ९० वर्षांचा. झेड म्हणजे हा फरक अनिश्चिततेच्या (±) किती पट आहे ते. ३० ने भागलं तर झेड ३ येतो, ४० ने भागलं तर २.२५. सरासरी ३५ ने भागायचं तर ते मनाला पटत नाही. शिवाय हेच गणित कॅलिब्रेट केलेल्या (म्हणजे कार्बन-१४ वयावरून कॅलेंडर वर्षांत बदललेल्या) इसवी सनपूर्व तारखांवर केलेलं चालतं का? तो आलेख घंटेच्या आकाराचा अजिबात दिसत नाही, नुसते उंचवटे.

प्रतिसाद १
दोन्ही नकोत. ३० ने भागलं की दुसरी तारीख बिनचूक आहे असं धरल्यासारखं होतं. अनिश्चितता दोन्हीकडे आहे, म्हणून वर्गांची बेरीज: ९०० + १६०० = २५००, वर्गमूळ ५०. झेड = ९० ÷ ५० = १.८. हा १.९६ च्या आत, म्हणजे ५ टक्के पातळीवर तारखा वेगळ्या म्हणता येत नाहीत.

पण उत्तरात 'एका काळातले' असं ठोकून देऊ नका. या नमुन्यांत साधारण ९८ वर्षांहून कमी फरक चाचणीच्या हातीच लागत नाही.

प्रतिसाद २
वजाबाकी कॅलिब्रेशनच्या आधीच करायची. प्रसामान्य वितरण (तोच घंटेचा आकार) मोजलेल्या वयाला लागू पडतं. कॅलिब्रेशनचा वक्र नागमोडी, त्यातून गेल्यावर आकार मोडतो. त्यात तुमची जोडी नेमकी 'हालश्टाट पठारा'वर आलीय, साधारण इ.स.पू. ८०० ते ४००. तिथे वक्र जवळपास सपाट आहे, त्यामुळे एकेक तारीख काही शतकांवर पसरते. कॅलेंडर वर्षांतला फरक हवाच असेल तर ऑक्सकॅल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फरकाचं वितरण काढा.

आणि कोळसा कसला तेही बघा. जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड थरापेक्षा शे-दोनशे वर्षं जुनं निघू शकतं. जळके दाणे मिळाले तर उत्तम.

धागाकर्ता
१.८, समजलं! तीन तारखा असतील तर जोड्याजोड्यांनी झेड काढायचे?

प्रतिसाद १
नको, जोड्या वाढल्या की योगायोगाने एखादी 'वेगळी' निघण्याची शक्यताही वाढते. तिथे काय-वर्ग चाचणी, ती सगळ्या तारखा एकदम तपासते. ट्यूरिनच्या कफनाचे (येशूचं कफन म्हणून काही जण मानतात ते कापड) आकडे घेऊन हात बसवा. १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी ते मोजलं: अ‍ॅरिझोना ६४६ ± ३१, ऑक्सफर्ड ७५० ± ३०, झ्युरिक ६७६ ± २४ (सगळे बीपी). भारित सरासरी (± लहान असलेल्या तारखेला जास्त वजन) ६८९ येते, काय-वर्ग ६.४ च्या आसपास, मर्यादा ५.९९. म्हणजे तिघांचं पटत नाही. ± चे आकडे तोकडे असावेत किंवा तुकडेच एकसारखे नसावेत. यावरून काही जण कफन पहिल्या शतकातलं ठरवायला निघतात, ते मात्र या गणितातून निघत नाही. तिन्ही तारखा मध्ययुगीनच आहेत.