सोलापूरच्या उन्हात अंगणातला माशांचा हौद थंड कसा ठेवायचा?

प्रश्न: हौद ८ × ५ × २ फूट, साधारण २,२०० लिटर. त्यात १० कोई मासे. दुपारी पाणी ३४ अंशांवर जातं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. बर्फ टाकावा का?

उत्तर: बर्फ अजिबात नको. तापमान एकदम उतरलं की माशांना धक्का बसतो आणि बर्फ वितळल्यावर पाणी पुन्हा तापतंच. पहाटेचं लक्षण ऑक्सिजन कमी पडल्याचं आहे. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला जेमतेम ७. त्यात रात्री शेवाळही तोच वापरतं. म्हणून एअर पंप रात्रभर चालू ठेवा. वर ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट ४-५ फूट उंचीवर बांधा. पश्चिमेची बाजूही झाका, हे हमखास राहून जातं.

उत्तर: मुळात या हौदाला १० कोई जास्त होतात. खाणं निम्मं करा, तेही सकाळीच. खाल्लेल्या-उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि गरम पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी सोडू नका, ते हौदापेक्षा गरम असतं.

प्रश्नकर्ता: आटलेलं पाणी नुसतं भरत राहिलं तर?

उत्तर: क्षार साठत जातात, बोअरच्या पाण्यात फारच. आधी १० टक्के काढा, मग भरा. नळाचं असेल तर क्लोरीन घालवूनच.