भोवऱ्याची लढत: रिंगण 1 मीटरचं, माझा भोवरा डुगडुगतो आणि बाहेर जातो

साखळीकर

चवथीनंतर वाड्यावर भोवऱ्यांची स्पर्धा आहे. नियम असे: सिमेंटच्या कोब्यावर 1 मीटर व्यासाचं रिंगण, दोघांनी एकदम भोवरे सोडायचे, जो बाहेर जाईल किंवा आधी आडवा होईल तो हरला. पाचात तीन डाव. भोवरा लाकडीच हवा, आरेशिवाय (खालच्या खिळ्याशिवाय) दुसरा धातू चालणार नाही, आर 15 मिमीपेक्षा जास्त बाहेर नको. वजनाला मर्यादा नाही.

माझा भोवरा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला, रंगीत. व्यास 55 मिमी, वजन 46 ग्रॅम, जाळी (गुंडाळायची दोरी) सुती, 1 मीटर. सोडला की दोन-तीन सेकंद डुगडुगतो, मग गोल गोल सरकत कडेला जातो. वजन वाढवू, आर बदलू की जड लाकडाचा नवाच कातून घेऊ? आधी काय करू?

कातकाम

वजन शेवटी. आधी आर सरळ आहे का ते बघा. बाजारच्या दहातल्या सात-आठ भोवऱ्यांचं दुखणं तिथेच असतं, कारण आर हातोड्याने ठोकलेली असते आणि ठोकलेला खिळा लाकडाच्या रेषेबरोबर वळतो.

तपासायचं असं. ड्रिल मशिनच्या चकमध्ये आर पकडा आणि अगदी हळू फिरवा. पेन्सिल एका ठिकाणी टेकवून पोटाजवळ आणा, जेमतेम लागेल इतकीच. सगळीकडून रेघ उमटली तर आर मध्यावर आहे. एकाच बाजूला उमटली तर मग वर, डोक्याजवळही तसंच करून बघा. डोक्याजवळ फरक वाढला तर आर तिरकी आहे. दोन्हीकडे सारखाच असेल तर आर सरळ, पण भोकच मध्य सोडून पडलंय. 55 मिमीच्या भोवऱ्यात 1 मिमीची चूकसुद्धा डोळ्यांना दिसते.

दोन्हीला उपाय एकच. आर फिरवत फिरवत ओढून काढा, भोकात कडक लाकडाची खुंटी गोंद लावून बसवा, एक दिवस वाळू द्या आणि नवं भोक लेथवरच पाडून घ्या. हातातल्या ड्रिलने पाडलेलं भोक पुन्हा वाकडंच जाणार. आर 4 मिमी जाडीची असेल तर भोक 3.7, खोली 25 मिमी. काँक्रीटचा खिळा घ्या, साधा खिळा कोब्यावर दोन दिवसांत बोथट होतो. तो ठोकू नका, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून दाबत बसवा, नाहीतर लाकूड उभं फाटतं. टोक घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळसर झालं की कडकपणा गेला, मग त्या खिळ्यात आणि साध्या खिळ्यात फरक नाही.

बाहेर 10 मिमी पुरे. नियम 15 देतो म्हणून 15 ठेवायची गरज नाही. भोवरा जितका उंच, तितका धक्क्याला कच्चा.

हातजाळी

आरेबद्दल सहमत. पण 1 मीटर जाळी बघूनच अर्धं उत्तर मिळालं.

हिशोब करा. आरेपासून पोटापर्यंतचा उतार साधारण 45 मिमी. जाळी 3 मिमी जाडीची असेल तर त्यात 15 वेढे बसतात. खाली वेढा लहान, पोटाशी 17 सेंमी. सरासरी 10 सेंमी धरा. म्हणजे गुंडाळायलाच दीड मीटर लागते, वर बोटांसाठी 20 सेंमी. तुमची जाळी दहाव्या वेढ्याला संपते, आणि पोटाजवळचे, म्हणजे सगळ्यात जास्त जोर देणारे वेढे पडतच नाहीत.

गुंडाळताना वेढा वेढ्याला चिकटून, एकावर एक अजिबात नको. एक वेढा जरी वर चढला तरी सुटताना तिथे अडकतो आणि भोवरा तिरका पडतो. तुमचं पहिल्या दोन-तीन सेकंदांचं डुगडुगणं कदाचित एवढंच असेल. जाळीच्या टोकाला बिअरच्या बाटलीचं झाकण भोक पाडून अडकवा, दोन बोटांच्या मध्ये घट्ट राहतं. गाठ घामाने निसटते.

रंगीत भोवऱ्याची लाख गुळगुळीत असते, त्यावर जाळी घसरते. खालच्या उतारावर 80 नंबरचा सॅंडपेपर फिरवा. वरचा रंग राहू दे, दिसायला बरा.

साखळीकर

पेन्सिल लावून पाहिली. पोटाला एका बाजूला रेघ, डोक्याला त्याच बाजूला जास्त ठळक. म्हणजे तिरकी. जाळीऐवजी सुंभ चालेल का? आणि लाकडाला खोबरेल लावलं तर पावसात फुगणार नाही ना?

कातकाम

सुंभ नको. जाड असतो, वेढे कमी बसतात आणि तंतू सुटून अडकतात. नायलॉन घसरतो. सुतीच घ्या, सोडण्याआधी ओल्या बोटांनी एकदा पुसा, पकड वाढते. चिंब नको.

खोबरेल तर मुळीच नको, बाब. ते वाळत नाही, जाळी घसरत राहील. जवसाचं तेल घ्या, दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन दिवस. पावसाळ्यात त्याहून जास्त लागतील.

तरी तेलाने फुगणं कमी होतं, थांबत नाही. लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेने फुगतं. म्हणून मे महिन्यात गोल कातलेला भोवरा भाद्रपदात किंचित लांबट होतो. समतोल स्पर्धेच्या आठवड्यातच साधायचा, आणि मग भोवरा घट्ट झाकणाच्या डब्यात.

समतोलासाठी बादलीत मीठ घातलेलं पाणी घ्या, तेल वाळलेला भोवरा आडवा सोडा. जड बाजू खाली जाते, वर आलेल्या जागी खूण करा. चार वेळा वेगवेगळ्या बाजूने सोडून तीच खूण वर आली तर तिच्या बरोबर समोरची बाजू जड. तिथे डोक्यावर, कडेपासून थोडं आत, 5 मिमीच्या बिटाने 8 मिमी खोल भोक पाडा. एका भोकात जेमतेम 0.1 ग्रॅम जातं, तेव्हा एक पाडायचं आणि पुन्हा पाण्यात बघायचं. धातू बंद असल्याने हलक्या बाजूला खिळा मारणं तुम्हाला चालणार नाही, हे बरंच झालं. लढतीत तोच खिळा उडतो.

वाळपईवाला

आरेच्या टोकाचं कोणी बोललंच नाही. जास्त गोल टोक भोवऱ्याला लवकर उभा करतं, पण तो मोठी घिरटी घेत सरकतो. तुमचा कडेला जातो त्यात याचाही हात आहे. टोकदार आर जागेवर राहते, उभी व्हायला वेळ घेते, आणि कोब्यात भेग असली तर तिथेच अडकून मरते. 1 मीटरच्या रिंगणात मी टोकदारकडे झुकेन: साधारण तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी, शेवटी 600 नंबरच्या पेपरने गुळगुळीत. शेणाने सारवलेलं अंगण असतं तर उलट सांगितलं असतं, तिथे बारीक आर रुतते.

वजनाचं म्हणाल तर याच मापात चिंच किंवा खैराचा भोवरा 65-70 ग्रॅम भरेल. तेवढा घ्या. 100 च्या वर गेलात की हात तोच, जोर तोच, फेरे मात्र कमी. फांदीचा गाभा मध्यावर ठेवून कातलेला भोवरा घेऊ नका, वाळताना चीर तिथूनच जाते.

हातजाळी

गाभ्याबद्दल पूर्ण पटत नाही. गाभा बरोबर मध्यावर असला तर समतोल जवळजवळ फुकट मिळतो. एका मोसमापुरता भोवरा हवा असेल तर चालतो. चार वर्षं वापरायचा असेल तर वाळपईवाले म्हणतात तसं फाळलेल्या ओंडक्यातला घ्या.

आता डावपेच. समोरचा उजवीकडे फिरवतो आणि तुम्हीही उजवीकडे, तर जिथे भोवरे भिडतात तिथे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांच्या विरुद्ध धावतात. दणका बसतो आणि हलका भोवरा बाहेर उडतो. तुम्ही जाळी उलटी गुंडाळून डावीकडे फिरवलात तर भिडताना पृष्ठभाग एकाच दिशेने जातात, दातेरी चाकांसारखे. धक्का कमी, आणि ज्याचा वेग जास्त त्याचा थोडा वेग दुसऱ्याला मिळतो. बेब्लेड, म्हणजे खेळण्यातले लढाऊ भोवरे, खेळणारी पोरं हे चांगलं ओळखतात, त्यांच्यातला कोबाल्ट ड्रॅगून डावखुऱ्या फिरकीचाच. म्हणून तुमचा भोवरा हलका असेपर्यंत उलटी जाळी, जड हाती आला की सरळ.

उलट्या जाळीने हात आधी चुकतो. खांद्यावरून फेकू नका, कमरेखालून आडवा सोडा, नाहीतर कोब्यावर उसळी घेऊन पहिल्याच टप्प्यात बाहेर.

साखळीकर

आर काढली, खुंटी बसवली. लेथवाल्याकडे सोमवारी. उलटी जाळी कुठल्या नियमात बसत नाही का ते मंडळाला आधीच विचारून घेतो.

वाळपईवाला

विचारताना आरेची लांबी कुठून मोजणार तेही विचारा. लाकडापासून मोजतात की खालच्या कड्यापासून, यावर दर स्पर्धेत भांडण होतं.