रांगेपलीकडचे पंढरपूर : चंद्रभागा आणि तिचे घाट नीट कसे पाहावेत?

प्रश्न – सोलापूरकर_भाचा

नमस्कार. माझी वयोवृद्ध आत्या आणि तिचा शाळकरी नातू हिवाळ्यात नागपूरहून आमच्याकडे सोलापूरला येणार आहेत. दोघांनीही पंढरपूर पाहिलेले नाही. पंढरपूर आपल्याला इतके जवळचे आहे, की आपण सकाळी निघतो, रांगेत उभे राहून दर्शन घेतो आणि दुपारपर्यंत घरी परततो. नदी मात्र पुलावरून गाडी जाताना दिसेल तेवढीच पाहतो. या वेळी पूर्ण दिवस नदी, घाट आणि जुन्या गावासाठी द्यावा, अशी इच्छा आहे. केव्हा जावे, काय पाहावे आणि आत्याच्या गुडघेदुखीमुळे काय टाळावे, हे कृपया सांगावे.

उत्तर – भीमातीर

चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच, आणि तिचे पाणी स्थानिक पावसापेक्षा धरणांवर अधिक अवलंबून असते. वर उजनी धरण आहेच. शिवाय नीरा नदी उजनीच्या खाली, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळत असल्यामुळे उजनीचे दरवाजे बंद असले तरी वीर धरणातून सोडलेले पाणी पंढरपुरात येऊन पोहोचते. पावसाळ्यात दोन्हीकडून विसर्ग सुरू झाला, की वाळवंटातले, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूवरचे, पुंडलिकाचे मंदिर पाण्याने वेढले जाते. उन्हाळ्यात सोलापूर शहरासाठी नदीतून औज बंधाऱ्याकडे पाणी सोडले, तर तेही याच घाटांवरून पुढे जाते, म्हणजे ते पाणी पंढरपूर पाहूनच आपल्याकडे येते. माझ्या मते कार्तिकी आटोपल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. एकादशी आणि सुटीचे दिवस टाळावेत.

स्नानाबाबत मात्र आग्रहाने सांगतो. वाळू उपशामुळे पात्रात झालेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, त्यामुळे मुलाला एकट्याने पाण्यात उतरू देऊ नका. काठावर बसून पाय बुडवले तरी आत्याबाईंची श्रद्धा उणी पडणार नाही.

उत्तर – घाटावरची

परंपरेने आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, त्यानंतर मंदिराच्या महाद्वारातली नामदेव पायरी आणि शेवटी विठ्ठल असा क्रम आहे, आणि गाव समजून घेण्यासाठीही तोच क्रम योग्य आहे. महाद्वार घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. आत्यांना त्या उतरवण्याऐवजी माथ्यावरच बसवावे. होळकर वाडा तिथून जवळ आहे, आणि तिथून नदीचे वळण व समोरचे वाळवंट दोन्ही दिसतात. नामदेव पायरीजवळच चोखोबांची समाधी आहे. ज्या संताला जन्मभर मंदिराबाहेर राहावे लागले, त्याची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि हे मंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये याच गावात उपोषण केले, ही हकीकत नातवाला तिथेच उभे राहून सांगावी. पुस्तकात वाचून ती तितकी भिडत नाही.

पाणी पुरेसे असेल तर घाटावरून होडीने विष्णुपदाला जाता येते. खडकावर कोरलेली कृष्णाची पावले आणि गाईंच्या खुरांच्या खुणा मुलांना फार आवडतात. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम तिथे असतो अशी श्रद्धा असल्यामुळे त्या महिन्यात गर्दी असते. निवांतपणा हवा असेल तर पौषात जावे. होडीत चढताना-उतरताना गुडघ्यांना त्रास होत असेल, तर रिक्षा विष्णुपदापर्यंत जाते. पुढे गोपाळपूरला जनाबाईचे जाते दाखवतात, पण तिथेही पायऱ्या आहेत.

उत्तर – माचणूरवाट

वरील सूचनांशी सहमत आहे. केवळ जाण्याच्या मार्गाबद्दल वेगळे सुचवतो. जाताना मोहोळऐवजी मंगळवेढ्याच्या रस्त्याने जावे आणि वाटेत माचणूरला थांबावे. भीमेच्या काठावरचे सिद्धेश्वराचे मंदिर शांत आहे, आणि जवळच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी काही वर्षे होती. तीच नदी इथे पंढरपूरच्या खाली, गर्दीशिवाय भेटते. पौषात या पट्ट्यात ज्वारी उभी असते आणि हुरड्याचे दिवस असतात, त्यामुळे नागपूरच्या पाहुण्यांना मंगळवेढ्याची काळी जमीनही पाहायला मिळेल. मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे मंदिर आहे. तिथे अर्धा तास पुरतो. मात्र माचणूरहून सकाळी लवकर निघावे, म्हणजे ऊन चढण्याआधी घाटावर पोहोचाल आणि दर्शनाची रांग दुपारनंतर लावता येईल. परतीला मोहोळचा रस्ता सोयीचा पडेल.