क्रिएटिनिन एकच, आकडे तीन: किडनी ५५ टक्के, ३७ की २६? (मदत हवी आहे)

वाट_बघतोय
वडिलांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर ५५ छापलाय. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तेच १.४ टाकलं तर ३७ येतंय. मग २४ तासांची लघवी दिली, त्यात क्लिअरन्स २६. नेमकी किती टक्के किडनी चालू आहे? सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, तोवर गोळी बंद ठेवू का? जरा लवकर सांगा.

टेस्टट्यूब
वय? वजन? कोणती गोळी? २४ तासांत लघवी किती मिली भरली आणि त्यात क्रिएटिनिन किती निघालं? रिपोर्टवर असतं ते.

गोखरूप्रेमी
गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा सकाळी अनशापोटी सुरू करा. दिवसाला चार लिटर पाणी. लहान खडे आपोआप पडतात.

वाट_बघतोय
खडा नाहीये हो. सोनोग्राफी नॉर्मल आहे. वय ६८, वजन ५२. लघवी ८५० मिली, क्रिएटिनिन ६२. गोळी मेटफॉर्मिन, मधुमेहाची. खरा आकडा कोणता तेवढं सांगा ना.

नेफ्रॉन
आधी एक: हे टक्के नाहीत, मिनिटाला मिली आहेत. एकेका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या. धडधाकट तरुण माणसात दोन्ही मिळून मिनिटाला १०० ते १२५ मिली रक्तद्रव गाळतात, म्हणजे दिवसाला दीडशे ते १८० लिटर. त्यातलं ९९ टक्के पाणी नेफ्रॉनच्या नळ्या परत शोषून घेतात, म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. हा वेग थेट मोजणं कटकटीचं, म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून अंदाज बांधतात, तो ईजीएफआर; २४ तासांच्या लघवीतलं क्रिएटिनिनही धरून काढला की क्लिअरन्स.

५५ आला सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्राने. त्यात वजन नसतं; वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच. ३७ आला कॉक्रॉफ्ट-गॉल्टने, ते १९७६चं: (१४० − ६८) × ५२ भागिले (७२ × १.४). इथे वजनाने थेट गुणतात, त्यामुळे किरकोळ अंगाच्या वयस्क माणसाचा आकडा खाली जातो. सूत्रं वेगळी, म्हणून उत्तरं वेगळी.

टेस्टट्यूब
आणि २६ तर सरळ अर्धवट गोळा केलेल्या लघवीचा आहे. ८५० मिलीत डेसिलिटरला ६२ मिग्रॅ म्हणजे दिवसाचं ५२७ मिग्रॅ क्रिएटिनिन, किलोमागे जेमतेम १०. या वयात, या वजनाला ७५०च्या आसपास अपेक्षित आहे. शिवाय नळ्यांमधून थोडं क्रिएटिनिन जादा बाहेर टाकलं जातं, त्यामुळे क्लिअरन्स खऱ्या वेगापेक्षा १०-२० टक्के वरच यायला हवा. इथे तो सगळ्यांत खाली आहे.

नेफ्रॉन
इतकं ठाम म्हणू नका. ७५० हा अंदाज कॉक्रॉफ्ट-गॉल्टमध्येच दडलेला आहे, त्यानेच २६ खोटा ठरवणं म्हणजे गोल गोल फिरणं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. ५२ किलोंत स्नायू कमी असतील, आहार शाकाहारी असेल, तर ५००-५५०ही पूर्ण असू शकतं, आणि मग रक्तातलं क्रिएटिनिनही कमीच दिसतं, म्हणजे फसवा ठरतो तो ५५. लघवी गोळा कशी केली ते विचारायला हवं.

आयसोटोप
हा सगळा घोळ कशाला? डीटीपीए स्कॅन (शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन कॅमेऱ्याने किडनीचं काम बघतात तो) करा आणि मोकळे व्हा.

टेस्टट्यूब
नुसत्या कॅमेऱ्यावर काढलेला डीटीपीएचा आकडाही बराच इकडेतिकडे होतो. डावी किती, उजवी किती हे कळायला तो उत्तम. इथे तो प्रश्नच नाही.

वाट_बघतोय
सकाळी सातला सुरू केलं, ती पहिली लघवीही डब्यात घेतली. रात्री दोनदा ते सवयीने बाथरूममध्ये गेले. एवढ्याने फरक पडतो?

टेस्टट्यूब
खूप. सातची लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू. मग प्रत्येक वेळची, शौचाच्या वेळचीसुद्धा, डब्यात. दुसऱ्या दिवशी सातची डब्यात घेऊन थांबायचं. डबा थंड जागी. रक्त त्याच सुमारास द्या आणि आदल्या रात्री मटण नको, त्याने क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं. त्यांचा २६ सोडून द्या.

नेफ्रॉन
मान्य, २६ बाद. ५५ की ३७ हे मात्र उरतंच, त्यासाठी सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करा. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. मेटफॉर्मिनसाठी लॅबवरचा ईजीएफआर बघतात: ४५च्या वर सहसा चालू ठेवतात, ३० ते ४५मध्ये डोस निम्म्यावर आणतात, ३०च्या खाली बंद. तेव्हा सोमवारपर्यंत स्वतःहून बंद करू नका. बाकी कोणत्या गोळ्या? रक्तदाबाची? गुडघ्याची?

वाट_बघतोय
रक्तदाबाची टेल्मिसार्टन आहे. आणि गुडघ्यासाठी एसिक्लोफिनॅक, रोज रात्री, दोनेक महिने झाले. ती किरकोळ आहे.

नेफ्रॉन
ती किरकोळ नाही, आज विचारायची गोळी तीच आहे! गाळणीच्या गुच्छात रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. पेनकिलरने आणणारी आवळते, टेल्मिसार्टनने नेणारी सैल पडते. दोन्हीकडून आतला दाब उतरतो आणि गाळणं मंदावतं. त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवीची गोळी जोडली गेली तर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढतं. सोमवारची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करून ती थांबवायचं विचारा. टेल्मिसार्टनला मात्र हात लावू नका. थोड्या आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा. ६०च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तरच जुनाट आजार म्हणतात.

गोखरूप्रेमी
निदान नारळपाणी तरी द्या, किडनी साफ होते.

टेस्टट्यूब
टेल्मिसार्टन चालू असताना आणि पोटॅशियमचा रिपोर्ट हातात नसताना रोज नारळपाणी नको; त्यात पोटॅशियम भरपूर असतं. चार लिटर पाण्याचाही इथे उपयोग नाही.
बरं, मधुमेह आहे तर लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो केलाय का? सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आकार ठीक. मधुमेहात काम घटलं तरी आकार बराच काळ तसाच राहतो.

वाट_बघतोय
लघवीत प्रोटीन निल आहे. सिस्टॅटिनला उपाशी जायचं का?

टेस्टट्यूब
ते पट्टीवरचं निल, थोडं अल्ब्युमिन, म्हणजे तेही प्रोटीनच, पट्टीला दिसत नाही. रेशो वेगळा सांगा, सकाळची पहिली लघवी द्या. ग्रॅममागे ३० मिग्रॅच्या आत हवं. सिस्टॅटिनला उपास लागत नाही. थायरॉइड बिघडलेलं असलं किंवा स्टेरॉइड चालू असलं तर तो आकडा चुकतो, तेव्हा टीएसएच (थायरॉइडची तपासणी) जुना असेल तर त्याच रक्तात करून घ्या.