प्रतिसाद : बांधावर भांगेची लागवड

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात उसाच्या बांधावर भांगेची दोन-चार झाडे औषधी म्हणून लावली तर चालतील का, या प्रश्नावर वर बहुतेकांनी माती आणि पाणी यांचीच चर्चा केली आहे. परंतु पहिला विचार कायद्याचा व्हायला हवा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याविना या झाडाची लागवड हाच गुन्हा असून, कलम २० प्रमाणे त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे दोनच आहेत, ही सबब लागवडीच्या गुन्ह्यात उपयोगी पडत नाही. शिवाय आपल्या जमिनीत अशी लागवड दिसल्यास ती पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी कलम ४६ ने जमीनधारकावरच टाकली आहे, त्यामुळे शेत वाट्याने देणाऱ्यांनीही सावध असावे.

धागा व बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे आणि उत्तराखंडाने त्या आधारे ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेल्या वाणांना परवाने दिले. मात्र तो परवाना सांगलीत लागू होत नाही, हे बियाणे विकणारे सोयीस्करपणे सांगत नाहीत. जमिनीचा कस वाढवणे हाच हेतू असेल तर ताग पेरावा आणि फुलोऱ्याच्या सुमारास तो गाडावा.