मदत हवी आहे: सोसायटीच्या लॉनला पाणी कमी कसं लागेल?

नमस्कार मंडळी, पुण्यात वाघोलीला आमची सोसायटी, साधारण एकरभर लॉन आणि कडेने झाडं, उन्हाळ्यात बोअर आटतं मग टँकर, आणि पाईप चालू असतो भर दुपारी. हिशोब केला तर एकरभर लॉनला 5 मिमी पाणी म्हणजे जवळजवळ 20,000 लिटर, एका वेळेला 10 हजारचे दोन टँकर! जीव तुटतो हो. पाणी पहाटे द्यायचं, झाडांना ड्रिप (ठिबक) आणि वाळक्या पाल्याचं मल्चिंग (बुंध्याभोवती मातीवर थर), एवढं नक्की केलंय. पण एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं) पाणी लॉनवर स्प्रिंकलरने उडवावं का, तिथे मुलं खेळतात, तुषार अंगावर येणार. त्या पाण्याने ड्रिपर (ठिबकची तोंडं) चोक होतात का, फिल्टर कुठला लावलात? आणि निम्मं लॉन काढून देशी झुडपं लावलीत असं कुणी आहे का, प्लीज सांगा.